उंदीर सोडायची जागा

आमच्या घरात उंदीर मारायचं काम माझं होतं आणि ते मी फार सुरेख करायचे. भोईवाड्यातल्या चाळीत तळमजल्याची खोली, भिंतीच्या पाठीमागे उघडं गटार, आणि मोरीच्या कोपऱ्यात दर दोन महिन्यांनी नवं बीळ. शेजारणींची रीत अशी की पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट बादलीत बुडवायचा आणि तोंड फिरवून बसायचं. मला तेवढा धीर कुठला. मी धुण्याचं धोपटणं घ्यायचे, एकीला पिंजऱ्याचं दार उघडायला सांगायचे आणि बाहेर पडणाऱ्या उंदराला एका फटक्यात आडवा करायचे. "शेवंते, ये गो, आमच्याकडं एक घुसलाय," अशी हाक आली की हातातला अभ्यास टाकून, धोपटणं खांद्यावर घेऊन मी निघायचे. चौदा वर्षांची काटकुळी पोर, नाकावर राग आणि डोक्यात हवा. माझ्यावाचून ही चाळ उंदरांनी कधीच खाऊन टाकली असती, असं मला मनापासून वाटायचं. आजही नातवंडांना सांगते की तुमच्या आजीचा नेम चुकत नसे. चुकायचा. दोनदा मी जनाकाकूंच्या पायावर धोपटणं मारलंय.

माझी ही सेनापतीगिरी आईनं एका दिवसात बंद केली. आई आणि बा धम्मदीक्षा घेऊन आले. आईनं पांढरं लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं, चूल पेटवली, कुळथाची पिठी रटरटायला लागली, आणि ढवळता ढवळता ती म्हणाली, "ते धोपटणं आता धुण्यापुरतं. उंदीर मारायचा नाय."

मला वाटलं दमली असेल, म्हणून बोलतेय. "मग काय करायचं?"

"पिंजऱ्यात धरायचा नि लांब नेऊन सोडायचा. शिवडीच्या खाजणात. जिथं माणूस नाय तिथं."

"शिवडी? रोज? नेणार कोण?"

आईनं पळी माझ्याकडं रोखली.

माझा संताप काय सांगू. आम्ही पाच शीलं घेतली होती आणि जीव घेणार नाही हे त्यातलं पहिलंच, हे मला पाठ होतं. पण चाळीत इतरांनीही घेतली होती. त्यांतल्या बऱ्याच जणी डास मारत होत्या, ढेकूण मारत होत्या, आणि उंदराचं नाव काढलं की "ते बघू पुढं" म्हणत होत्या. फक्त आमचीच आई शब्दाला शब्द धरून बसली होती. मी पाय आपटले, म्हटलं, "उंदराला कळणारेय का तू शपथ घेतलीस ते?" तर ती म्हणाली, "त्याला कशाला कळायला हवं? मला कळतंय. आजवर माझं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. लग्न, गाव, मिल, सगळं. पयल्यांदा मला कुणी विचारलं, बाई, तू हे पाळशील? नि मी माझ्या तोंडानं व्हय म्हटलंय." मी आणखी चिडले.

तर सकाळी सातच्या भोंग्याला मी निघायचे. पिंजऱ्यावर फडकं टाकलेलं, आत सुक्या बोंबलाच्या तुकड्यावर फसलेला उंदीर. भोईवाडा सोडून शिवडीचं फाटक ओलांडायचं, लाकडाच्या वखारींमधून जायचं, आणि मग ओहोटीचा काळा चिखल दिसेपर्यंत चालायचं. तिथं पिंजरा आडवा करायचा. परतेपर्यंत शाळेची घंटा व्हायची. वाटेत भेटेल तो विचारायचा, "फडक्याखाली काय गो?" मी सांगायचे, "लाडू." एकदा एका मिलवाल्यानं खरंच हात पुढं केला.

त्या दिवसांत सगळी मुंबई रस्त्यावर होती. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे आमच्या गल्लीत भिंतीवर, बादलीवर, आणि माझ्या भूगोलाच्या वहीवर लिहिलेलं होतं. आमच्या गल्लीतल्या घोषणांचे मालक सामंतकाका. ते समोरच्या दुमजली माडीत राहायचे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, घडीचं धोतर, आवाज असा की मिलच्या भोंग्यानं लाजावं. रविवारी सकाळी प्रभातफेरी निघाली की ते आमच्या चाळीच्या तोंडाशी उभे राहून हाक द्यायचे, "चला, बंधूंनो, भगिनींनो. आता माडी नाही, चाळ नाही. आपण सगळे एक." आणि मी, उंदीरमारी शेवंता, सगळ्यांच्या पुढं. घोषणा देऊन देऊन माझा घसा बसायचा. सामंतकाका पाठीवर थाप मारायचे, "शाब्बास, अशी पोर हवी." मी ती थाप दिवसभर पाठीवर वागवायचे. माझ्या आईनं शपथ घेतल्याचं मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तेव्हा ते गहिवरले. म्हणाले, "फार मोठं काम आहे. आम्हीही उंदीर मारत नाही हो. गणपतीचं वाहन. जीव घेववत नाही." मला वाटलं, बघा, कुठं ते आणि कुठं आम्ही, पण मन एक. किती मूर्ख असावं माणसानं चौदाव्या वर्षी, याला काही माप?

पण घरात उंदीर कमी होईनात. मी एक सोडून यावा, तर संध्याकाळी दोन हजर. फळीवरचा साबण खाल्ला. माझ्या वहीतला इतिहास कुरतडून संपवला. शिंक्यावरच्या भाकरीपर्यंत पोचले. आणि त्याच सुमारास माझी थोरली बहीण सुमनताई बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. इवलासा, लाल, मुठी आवळून झोपणारा. खोलीतल्या एकुलत्या एका खाटेखाली त्याची झोळी बांधलेली, जमिनीपासून वीतभर वर. आई सारखी म्हणायची, झोळी वर घ्या, वर घ्या. पण खाट होती तेवढीच उंच.

त्या दुपारी ताई नळावर गेली होती, आई मिलमध्ये होती आणि मी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होते. बाळ किंचाळलं. भुकेचं रडणं आणि हे रडणं यांतला फरक चौदा वर्षांच्या पोरीलाही कळतो. झोळीच्या कडेवरून काळं काहीतरी खाली उडालं आणि मोरीकडे गेलं. बाळाच्या टाचेवर दोन बारीक भोकं, आणि दुपट्यावर रक्ताचा डाग, रुपयाएवढासुद्धा नाही, पण मला तो परातीएवढा दिसला. मी धोपटणं घेऊन मोरीत इतकं बडवलं की फरशी फुटली. उंदीर केव्हाच गेला होता.

संध्याकाळी आई आली तेव्हा ताई एका कोपऱ्यात रडत होती आणि मी उभी होते. दवाखान्यातून टाच धुऊन, पट्टी बांधून आणली होती. मी आईला नको ते बोलले. म्हटलं, "उंदराची दया करतेस, नातवाची नाय करत. उद्या हा मेला तर तुझी शपथ जिवंत राहील ना? मग झालं." आईनं चपला काढल्या, हात धुतले, बाळाला घेतलं, पट्टी सोडून टाच पाहिली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाली, "रविवारपर्यंत थांब. रविवारपर्यंत बीळ नाय सापडलं, तर मी शब्द मोडीन. मी स्वतः मारीन. तू नाय." तिचा आवाज ऐकून ताईचं रडणं थांबलं. शब्द मोडणं म्हणजे आईला काय, ते आम्हा दोघींना कळत होतं. एका माणसाला जन्मात एकदा मिळालेली वस्तू आम्ही तिच्याकडून परत मागत होतो. कळत होतं, तरी मी हट्ट सोडला नाही. मोड म्हणावं.

शुक्रवारी सकाळी मला खुलासा झाला. नळाला पाणी उशिरा आलं, म्हणून मी चाळीच्या मागच्या बाजूला कळशी घेऊन उभी होते. गटाराच्या कडेनं सामंतकाका आले. अंघोळ व्हायची होती, पंचा नेसलेले, हातात पितळी कडीचा पिंजरा. आमच्या मोरीच्या भिंतीला लागून ते ओणवे झाले. दार उचललं. आतून एक आणि मग आणखी एक, असे दोन उंदीर उतरले आणि सरळ आमच्या भिंतीच्या खालच्या भोकात गेले. पाहुणा ओळखीच्या घरी जातो तसे. सामंतकाकांनी हात जोडले. "जा बाबांनो, सुखी राहा," म्हणाले आणि वळले. मी त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. मी होते ती बाजू त्यांच्या नजरेतच नव्हती.

आमच्या घरात गेल्या सहा महिन्यांत आलेले निम्मे उंदीर त्या माडीतून, हात जोडून, आशीर्वाद देऊन पाठवलेले होते. मी शिवडीपर्यंत पाय तोडत होते आणि हे गृहस्थ वीस पावलं चालून पुण्य घेऊन अंघोळीला जात होते.

मी काय करावं? आईला सांगावं, हे शहाणपण मला सुचलं नाही. मी पिंजरा लावला. दुपारपर्यंत एक सापडला, जाडजूड, अर्धं शेपूट तुटलेला. फडकं न टाकता पिंजरा उचलला आणि समोरच्या माडीचा जिना चढले. वाटेत भाषण तयार केलं. ते इतकं जबरदस्त होतं की मला स्वतःलाच काटा आला. त्यात बंधू होते, भगिनी होत्या, "आपण सगळे एक" होतं, आणि शेवटी पिंजरा उघडायचा होता.

सामंतकाकांनी कचेरीतून रजा टाकली होती आणि त्यांच्या पुढच्या खोलीत सात-आठ मंडळी रविवारच्या मोर्च्याचे फलक रंगवत बसली होती. लाल रंगाची वाटी, खळीचा वास, पोह्यांच्या बशा. "ये, ये, शेवंता," काका म्हणाले, "तुझ्या घशाची फार गरज आहे." भाषणातला एक शब्द आठवेना. मी पिंजरा त्यांच्या सतरंजीवर ठेवला आणि दार उघडलं.

उंदीर बाहेर येईना.

तो बोंबलाचा तुकडा दोन्ही पायांत धरून शांतपणे खात बसला. मी पिंजरा हलवला. तो आणखी मागं सरकला. एक जण हसला. माझे कान तापले. आयुष्यातला सगळ्यात मोठा सूड घ्यायला गेले होते आणि तो जेवत होता.

"हा तुमचा हाय," माझ्या तोंडून एवढंच निघालं. "तुम्ही आमच्या घरात सोडता. आमच्या बाळाला चावला."

काकांनी ब्रश खाली ठेवला. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खरंच गोंधळले. "तुमच्या घरात? छे गं. मी मागे सोडतो, गटाराकडे. तिकडे कोण राहतं?"

एक-दोघांनी खिडकीकडं पाहिलं. त्या खिडकीतून आमची चाळ दिसत होती. दोऱ्यांवर चाळीस घरांचे कपडे वाळत होते. दर रविवारी त्याच चाळीच्या तोंडाशी उभे राहून ते आम्हाला बंधू-भगिनी म्हणायचे.

तेवढ्यात आई आली. ताईनं तिला पहिल्या पाळीवरून येताना गाठून पाठवलं होतं, तिच्या केसांत अजून कापूस होता. उंबऱ्याच्या आत ती आली नाही. तिनं पिंजऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"बाई, गैरसमज झालाय," काका उठून म्हणाले. "लेकरू कसं आहे? पण आता लढ्याचे दिवस आहेत. उंदराएवढ्या गोष्टीवरून आपल्यात फूट नको."

"फूट कशाला," आई म्हणाली. "मोर्च्याला आम्ही येणार. येत होतो, येऊ. तुम्ही मारत नाय, आम्ही बी मारत नाय. चांगलंच हाय. पण साहेब, जीव सोडायचा तर सोडणाऱ्यानं चालायचं असतं. माझी पोर शिवडीपर्यंत चालते. हा तुमचा हाय, तुम्ही न्या. पिंजरा रिकामा करून परत धाडा."

आतल्या दारातून सामंतकाकू बाहेर आल्या. आजवर त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. "मी सांगत होते ह्यांना," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "की तिकडे झोळी दिसते." एवढं बोलून पिंजऱ्याचं दार त्यांनी पायाच्या अंगठ्यानं खाली पाडलं.

काका गेले. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझा राग खोटा ठरेल. शनिवारी सकाळी छत्री काखेत, पिंजरा कापडी पिशवीत लपवून, ते शिवडीच्या वाटेनं जाताना मी पाहिले. पाऊस नव्हता, छत्री तोंड झाकायला होती. पिंजरा घासूनपुसून परत आला. त्याच दुपारी आईला आणि बाला मोरीमागचं ते भोक सापडलं, कारण आता कुठं पाहायचं ते ठाऊक होतं. फुटक्या बाटल्यांची काच कुटून, मातीत आणि सिमेंटात कालवून त्यांनी ते बुजवलं. फळीला पत्र्याची झालर ठोकली, धान्याच्या डब्यांना झाकणं बसवली. आईला शब्द मोडावा लागला नाही. रविवारी ती मोर्च्यात माझ्या शेजारून चालली. मी एकही घोषणा दिली नाही. आई मात्र देत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मुंबई काय त्यांच्या एकट्याची हाय?"

परवा सुनेनं घरात उंदरासाठी चिकट पुठ्ठा आणला. त्यावर उंदीर चिकटला की सुटत नाही, ओरडत पडून राहतो, आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी तो पुठ्ठा पाहिला आणि अशी भडकले की माझा रक्तदाब मोजायला शेजारची डॉक्टरीण आली. खोबरेल तेल ओतून ओतून मी त्या उंदराचे पाय सोडवले. सून शांतपणे म्हणाली, "आई, ठीक आहे. पण आता ह्याला सोडणार कुठे?" मी त्याला बादलीत सोडून वर परात ठेवली आणि जाऊन आडवी झाले. सुनेला वाटलं, म्हातारी दमली. दमले नव्हते. मला एक सकाळ आठवत होती, जी मी कुणालाही सांगितलेली नाही.

भोक बुजवल्यावर घरात एकच उंदीर अडकून राहिला होता, आणि आठवड्याभरानं तो सापडला. शेवटचा. मी त्याला घेऊन निघाले. परीक्षा होती, उन्हं चढली होती, आणि मला खाजणापर्यंत जायचं नव्हतं. तोवर सामंतकाकांची गोष्ट सांगून सांगून मी चाळीत मोठी झाले होते. प्रत्येक वेळी माझं भाषण लांबत होतं आणि उंदीर आज्ञाधारकपणे पिंजऱ्याबाहेर येत होता. फाटक ओलांडल्यावर वखारींच्या मागं एक मोकळी जागा होती. कुजकी फळकुटं, गंजके पत्रे, चिखल. मी इकडं तिकडं पाहिलं, वाकले आणि दार उचललं. उंदीर सरळ एका पत्र्याखाली गेला.

तो पत्रा हलला. आतून एक बाई बाहेर आली. कडेवर पोर, हातात पिठानं माखलेलं ताट. तो पत्रा म्हणजे तिच्या घराचं दार होतं.

"काय सोडलंस गो हितं?"

माझ्या हातात उघडा पिंजरा होता. खोटं बोलायला जागा नव्हती. मी म्हणाले, "मला वाटलं, इकडं कोण राहत नाय."

ती ओरडली नाही. तिनं त्या पत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "मग आमी काय करतो हितं?"

मी पळाले. पिंजरा गुडघ्यांवर आपटत होता, तरी फाटकापर्यंत थांबले नाही. सामंतकाकांनी निदान उंदराला हात जोडले होते. निदान ते पुन्हा चालत गेले होते. त्यांच्यावरचा माझा राग अजून जिवंत आहे, तो मी मरेपर्यंत जपणार आहे, त्यांना तो पुरेपूर लागू आहे. पण हल्ली त्या रागाला बसायला दोन पाट मांडावे लागतात.

घरी पोचले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. ताई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, पट्टी सुटली होती, टाच बरी झाली होती. आईनं मान वर न करता विचारलं, "सोडलास? माणूस नव्हतं ना तिथं?"

"नव्हतं," मी म्हणाले.

"शाणी माझी बाय," असं म्हणून तिनं तव्यावरची पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली.